जजबाईंच्या डाव्या हाताला

मंगळवार, तारीख ४

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण मी उलट्या खोक्यावर बसून मांडीवर कागद धरून लिहितेय. तेव्हा सध्या बसल्या बसल्या नमस्कार घ्या, आडवं पडायचं भेटीत बघू.

मी बरी आहे. जेवते वेळेवर, म्हणजे जेव्हा जेवते ती वेळ माझी. तुम्ही करून दिलेला चष्मा अजून तोच आहे. एक दांडी दोऱ्याने बांधलीय, ओरडू नका, काच शाबूत आहे. दुकान कसं चाललंय? ते जाड भिंगवाले मास्तर अजून दर महिन्याला येऊन अक्षरं लहान झालीत म्हणून तुमच्याशी भांडतात का?

पाच महिन्यांत पत्र नाही हे खरं. मागच्या वेळी मी गालिचे धुण्याच्या कारखान्यात होते. ते सुटलं, कारण ओले गालिचे माझ्यापेक्षा जड असतात. मग पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली. मग एका रोपवाटिकेच्या ट्रकवर रोपं उतरवायला होते, तिथे मला कळलं की लिंबाची आणि संत्र्याची रोपं चिठ्ठी हरवली की मालकालाही ओळखता येत नाहीत. आम्ही एकाला लिंबाच्या जागी काय दिलं ते पाच वर्षांनी कळेल. असो. तुम्ही म्हणाल, भिंगरी, मुद्द्यावर ये.

तर मी आता एका निवडणुकीच्या कचेरीत आहे. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानावरचा मजला. खाली अजून चामड्याचा वास, वर खळीचा. भिंतीला पत्रकांचे गठ्ठे, मधे एक लांब टेबल, त्याचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली विरोधकांचा जाहीरनामा दुमडून ठेवलाय. नगराध्यक्षपदाची निवडणूक आहे. आमच्या उमेदवार एक बाई आहेत. त्या आधी पडद्यावर काम करायच्या.

त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिली बारा वर्षं त्यांना नुसत्या उभ्या राहायच्या भूमिका मिळाल्या. लग्नात मागे उभी, दुकानात मागे उभी, दोनदा प्रेत. मग एका मालिकेत न्यायाधीश मिळाली आणि ती मालिका अकरा वर्षं चालली. लोक त्यांचं खरं नाव विसरले, सगळे जजबाई म्हणायला लागले. मग गंमत अशी झाली की लोक भाजीच्या दुकानात त्यांना गाठून भांडणं सांगायला लागले. माझा शेजारी भिंत सरकवतो, माझा दाखला अडलाय. त्या समजावायच्या की अहो, मी खोटी जज आहे, माझी खुर्चीही प्लायवूडची. कुणी ऐकेना. एक म्हातारा पाण्याच्या जोडणीचे कागद घेऊन दारातच बसला. शेवटी कंटाळून त्या त्याच्याबरोबर नगरपालिकेत गेल्या, तर कारकून त्यांना बघून खुर्चीतून उठून उभा राहिला आणि तासाभरात जोडणीचं काम झालं. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, “मला आनंद नाही झाला. मला लाज वाटली. खोटीला बघून उठतात आणि खऱ्या म्हाताऱ्याला दोन वर्षं बसवतात.” त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आता खरी खुर्ची मागायची.

पण सवयी सेटवरच्या. पहिल्या सभेत भाषणात अडखळल्या तर सरळ म्हणाल्या, थांबा, परत घेते. मंचावरून उतरल्या, पायऱ्यांपाशी गेल्या, पुन्हा चढून आल्या आणि नमस्कारापासून सुरू केलं. आमच्या प्रचारप्रमुखांनी कपाळावर हात मारला. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या.

बाबा, तुम्ही ओळखलं असेल. तुम्ही टीव्ही लावत नाही आणि कुणी विषय काढला की भिंग पुसायला घेता, पण एवढं तुम्हालाही कळलं असणार.

हो. आत्याच.

मी तिला शोधत नव्हते, खरंच. पत्रकं चिकटवायचं काम मिळालं म्हणून आले. पहिलं पत्रक उलगडलं तर त्यावर तुमचं नाक. चारशे भिंतींवर मी तुमचं नाक चिकटवलं, मग चौथ्या दिवशी वर जाऊन तिला सांगितलं मी कोण ते. तिने विचारलं, तुझ्या बाबाची पाठ अजून दुखते का.

तुम्ही चिडाल. मी घर सोडलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, गेली आत्याच्या वळणावर. वळण काही मी निवडलं नव्हतं, पण पोचले मात्र तिथेच.

पत्ता देत नाही. तुम्ही यावं असं वाटतंय आणि येऊ नये असंही.

तुमची,
भिंगरी


शुक्रवार, तारीख २१

बाबा, नमस्कार.

या वेळी खुर्चीवर बसून लिहितेय, टेबलही हलत नाही. तुमच्याकडे सगळं क्षेम असेल असं धरून चालते, कारण पत्ता दिला नाही तर उत्तर कुठून येणार, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

मतदानाला सहा दिवस आहेत आणि गेल्या आठवड्यात आमचं बुडता बुडता राहिलं. सांगते.

या गावाची एक वरची वस्ती आहे, टेकडीवर. तिथे एक सरकारी दवाखाना. चौकातल्या मोठ्या सभेत आत्या म्हणाली की वरचा दवाखाना तीन वर्षं बंद आहे, दाराला कुलूप आहे, डॉक्टरांचा पत्ता नाही. फार छान म्हणाली, आवाज असा खाली आणून. तिसऱ्या रांगेतून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उठली. कोटाच्या खिशातून तपासायच्या नळ्या लोंबत होत्या. ती शांतपणे म्हणाली, “मग गेली नऊ वर्षं रोज सकाळी मी जाते ती कुठे?”

बाबा, चौक हसला. असं हसणं मी ऐकलेलं नाही. चहावाला हसला, पोलीस हसला, आमचाच ध्वनिक्षेपकवाला हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतींवर आमच्या पत्रकांवर विरोधकांच्या पट्ट्या: जजबाई, निकाल चुकला.

झालं असं होतं की वस्त्यांची पाहणी करायला कुणालातरी पाठवलं होतं आणि त्या कुणीतरी नीट पाहिलं नव्हतं.

कचेरीत सगळे जमले. प्रचारप्रमुख एरवी भला माणूस आहे, बेचाळीस निवडणुका पाहिल्यात असं सांगतो, जिंकल्या किती ते सांगत नाही. तो म्हणाला, दोनच वाटा आहेत. एक तर गप्प बसायचं, लोक विसरतात. नाहीतर म्हणायचं की तो कागद विरोधकांनी मुद्दाम आपल्यात सरकवला. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, वर जाऊन कोण पाहून आलं होतं? मी पत्रकांच्या गठ्ठ्याची दोरी सोडत होते, ती पुन्हा बांधली.

दोरीवरून आठवलं. त्या पाहणीच्या दिवशी वरच्या वस्तीकडे जाताना एका घरात कपाट चढवत होते. जिन्यातून जाईना म्हणून खिडकीतून, दोराने. दोन भाऊ वर, एक खाली, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद, त्यामुळे “ओढ” म्हणायचं ते चौथ्याला सांगायचे. असं काही सोडून पुढे जाता येतं का? मी दोराचं टोक धरलं. दीड तास गेला. कपाट वर गेलं तेव्हा कळलं की ते पलीकडच्या खोलीत न्यायचंय आणि मधलं दार लहान आहे. तोवर उशीर झालेला. मी तिथूनच मान वर करून टेकडीकडे पाहिलं. दवाखान्याचं दार दिसत होतं, त्याला गंजकं कुलूप, पुढे गवत. दोरवाल्या चौथ्याला विचारलं तर म्हणाला, तीन वर्षांत मी तर कुणाला चढताना पाहिलं नाही. मी वहीत लिहिलं: दवाखाना बंद, डॉक्टर नाही, तीन वर्षं.

ते कुणीतरी म्हणजे मी, बाबा. चष्मेवाल्याची पोर, आणि समोरचं दिसूनही पाहिलं नाही.

बैठक संपल्यावर मी काय केलं असेल ते तुम्ही सांगू शकाल. पिशवी भरायला घेतली. तुमच्याकडून निघाले तेव्हाचीच पिशवी. आत्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “तूच गेली होतीस ना वर? जायचं तर जा. मी कुठल्या तोंडाने अडवू? पण उद्या वर जायचंय आणि परवा सहाला त्याच चौकात रिटेक आहे. आणि त्या सभेत तू माझ्या डाव्या हाताला उभी होतीस.”

तुम्हाला हे कळायचं नाही म्हणून सांगते. पडद्यावर एकच प्रसंग दोन-दोन दिवस घेतात. मग काल कोटाचं कुठलं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी कुठवर होतं, कोण कुठे उभं होतं, हे सगळं आज तसंच लागतं, नाहीतर पडद्यावर पेला आपोआप भरतो. हे टिपून ठेवणारी एक बाई असते. आत्याच्या मालिकेतल्या त्या मावशी आता आमच्याकडे आहेत, आम्ही त्यांना वहीवाल्या मावशी म्हणतो. जागा रिकामी राहिली तर चालत नाही. मी पिशवी तशीच ठेवली. रिकामी नाही केली, पण ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि मी वर गेलो. पुढच्या पायऱ्या कोसळलेल्या, म्हणून दाराला कुलूप. माणसं मागून जातात, एका वखारीच्या आवारातून, लाकडाच्या ओंडक्यांवरून. एक मुलगा आपल्या आईला पाठुंगळीला घेऊन चढत होता. ओंडक्यावर पाय सरकला की दोघं मिळून वखारवाल्याला शिव्या घालायची. डॉक्टरबाईंनी आम्हाला ओळख दाखवली नाही. रांगेत बसवलं, तेविसावा नंबर. आमची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, तुम्हाला काय होतंय? आत्या म्हणाली, मला चूक झालीय. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मग सगळं सांगितलं. पायऱ्यांसाठी चौदा अर्ज केलेत, त्यांच्या पोचपावत्या खोकल्याच्या औषधांच्या कपाटात ठेवल्यात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला चौक गच्च. त्या चुकलेल्या सभेच्या तिप्पट माणसं, सगळी मजा बघायला आलेली. वहीवाल्या मावशींनी सगळं तस्संच लावलं होतं. तोच निळा कोट, बाहीवर तोच चहाचा डाग, शिट्टी मारणारा तोच माइक, अर्धा भरलेला पेला. फक्त त्या दिवशी मंचापुढे एक कुत्रं झोपलं होतं ते काही मिळालं नाही, मावशी शेवटपर्यंत हळहळत होत्या. प्रचारप्रमुख तापाचं निमित्त करून घरी राहिले. मी डाव्या हाताला उभी.

आत्या म्हणाली, “त्या दिवशीच्या सभेत इथेच उभी राहून मी चुकीचं बोलले. मी स्वतः पाहून आले नव्हते. म्हणून परत घेते.” आणि तिने सगळं भाषण पहिल्यापासून, शब्द न शब्द, त्याच ठिकाणी तसाच पेला उचलून केलं. आधी हशा, शिट्ट्या. हळूहळू लोक गप्प होत गेले, कारण सगळ्यांना कळलं की ते वाक्य जवळ येतंय. तिथे आल्यावर ती थांबली. मग म्हणाली, “वर दवाखाना आहे. डॉक्टर आहेत, रोज असतात. नाहीत त्या पायऱ्या.”

मागून कुणीतरी ओरडलं, त्या दिवशीचा कागद कुणी लिहिला होता? आत्या म्हणाली, तोंड माझं होतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबा, माझा हात आपोआप वर गेला. मी म्हणाले, मी. आवाज एवढासा निघाला, पण त्या शिट्टीवाल्या माइकने तो चौकभर नेला.

तिसऱ्या रांगेतून डॉक्टरबाई उठल्या. सगळ्यांच्या माना तिकडे. त्या म्हणाल्या, “आता बरोबर.” आणि खाली बसल्या.

मग जो चौक उसळला तो मला लिहिता येत नाही. चहावाला टेबलावर चढून टाळ्या वाजवत होता आणि उतू चाललेल्या चहाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गावात म्हणच झालीय. केशकर्तनवाल्याने एका बाजूचे केस जास्त कापले तर गिऱ्हाईक म्हणतं, परत घ्या.

प्रचारप्रमुखांचा ताप उतरला. म्हणाले, माझ्या त्रेचाळिसाव्या निवडणुकीत मी हे नवीन शिकलो.

पिशवी आज रिकामी केली.

तुमची,
भिंगरी


बुधवार, तारीख १७
(मधे तीन महिने गेले, माझी चूक, हातात काम होतं हे निमित्त नव्हे पण आहे.)

बाबा, नमस्कार, आणि हा बघा, या वेळी खरोखर साष्टांग. मी नव्या पायऱ्यांवर पालथी पडून लिहितेय. दगड उन्हाने छान तापलाय.

आत्या सहाशे बारा मतांनी निवडून आली. वरच्या वस्तीतून माणसं ओंडक्यांवरून उतरून मतदानाला आली होती, पाठुंगळीवाली आईसुद्धा. निकाल लागला तेव्हा आत्या चपलांच्या दुकानात खाली जाऊन एकटी उभी राहिली. मी मागून गेले तर म्हणाली, बारा वर्षं मागे उभी राहिले, आता पुढे बोलवतायत तर पाय उचलत नाहीत. मी तिला मागून ढकललं. बाहेर ते माणसांचं रान. तिला चौकापर्यंत खांद्यावरून नेलं आणि तिची एक चप्पल गेली ती गेलीच. वहीवाल्या मावशींना वहीत लिहावं लागलं: उजवी चप्पल नाही.

पहिल्या दिवशी ती नगराध्यक्षांच्या दालनात शिरली आणि जमिनीकडे बघायला लागली. शिपायाने विचारलं, काय हरवलं? ती म्हणाली, कुठे उभं राहायचं त्याची खूण शोधतेय. सेटवर खडूने फुली मारलेली असते. शिपाई म्हणाला, इथे तशी पद्धत नाही बाई, इथे आपली आपण जागा धरायची. मग ती खुर्चीवर बसली. खरी खुर्ची कुरकुरते, प्लायवूडची कुरकुरत नव्हती.

पहिली सही पायऱ्यांच्या कागदावर. अभियंता म्हणाला सहा महिने. ती म्हणाली, मी रोज सकाळी येऊन बघेन, आणि आलीही. मी पण. आता पाहणीचं काम माझ्याकडेच आहे, पगारी, आणि मी प्रत्येक इमारतीला चारी बाजूंनी फेरी मारते. गवंडी मला प्रदक्षिणाबाई म्हणतात. अडीच महिन्यांत बत्तीस पायऱ्या झाल्या, दोन्ही अंगांना कठडे. वाटेत कपाटवाल्या भावांचं घर लागतं. मी थांबले नाही. म्हणजे एकदा थांबले. कपाट अजून पहिल्याच खोलीत आहे.

उद्घाटनाला डॉक्टरबाई आल्या नाहीत. निरोप पाठवला की रुग्णांची वेळ आहे, पायऱ्या चढून आलात तर रांगेत बसा. आत्या चढली आणि रांगेत बसली. पहिली पायरी ती पाठुंगळीवाली आई चढली, स्वतःच्या पायांनी, कठडा धरून. मुलगा मागे हात पुढे करून चालत होता आणि ती त्याला दर पायरीला म्हणत होती, मागे हो, मागे हो.

आता जे लिहायला बसले ते. दोन कागद त्याला वळसा घालण्यात गेले, तुम्ही हे बघताय.

परवा आत्याने मला विचारलं, तू सात वर्षांची होतीस, तुला तो दिवस आठवतो का? आजी गेली तो. तुम्ही निरोप पाठवला होता, आणि ही एका प्रसंगाचं चित्रीकरण संपवून निघू म्हणाली. मागे उभी राहायची भूमिका होती, बाबा. तेवढ्यासाठी. सकाळी नऊच्या बसने ती आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तुम्ही दार अर्धं उघडून म्हणालात, आता काय उरलंय बघायला? आणि लावून घेतलंत. त्यानंतर तुम्ही दोघं सोळा वर्षं बोलला नाहीत, आणि आमच्या घरात तिचं नाव म्हणजे भिंग पुसायची वेळ.

मला आठवतं. मी खिडकीत होते. तिच्या हातात तपकिरी बॅग होती, एक कडी तुटलेली, तिला रबर लावलेलं. करडा स्कार्फ. केस ओले. दार लागल्यावर ती तशीच उभी राहिली, मग बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि गेली. तुमचा चष्मा कपाळावर होता आणि हातात पिवळं फडकं. तुम्ही दाराच्या आत तिच्याइतकाच वेळ उभे होतात. हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं.

मी तिला वहीत सगळं लिहून दिलं. पहिल्यांदाच काहीतरी दोन्ही बाजूंनी पाहून लिहिलं.

ती म्हणते, आजीचा प्रसंग गेला. तो परत घेता येत नाही, ते मागायचंही नाही. पण दाराबाहेरचा राहिलाय. तिने बॅग माळ्यावरून काढलीय. कडी दुरुस्त करायला निघाली होती, मीच थांबवलं.

येत्या रविवारी, नऊच्या बसने. सरकारी गाडी नाही, माणसं नाहीत, पत्रकवाला नाही. तिचं एकच वाक्य आहे आणि ते तिने मलाही सांगितलेलं नाही. तुमचं वाक्य कुणी लिहिलेलं नाही. दार नाही उघडलंत तरी चालेल, ती म्हणते. पुढच्या रविवारी परत घेईल, त्याच्या पुढच्याही. तिला दमवून बघाच, बाबा, ती एका प्रसंगाला सत्तावीस वेळा उभी राहिलेली बाई आहे.

एवढंच की सगळं तसंच असणार नाही. तेव्हा मी खिडकीत होते. या वेळी मी दारात असेन, तिच्या डाव्या हाताला. दांडीला दोरा बांधलेला चष्मा घालून. तो तेवढा दुरुस्त करून द्या.

पाकिटामागे पत्ता लिहिलाय, पूर्ण.

घरी येणारी,
तुमची भिंगरी